फूल, दोन पानं आणि हाँगकाँग

४ जून, रात्री

१९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडलं गेलं, त्याची आठवण म्हणून या तारखेला सगळीकडे रणगाड्यापुढच्या त्या माणसाचा फोटो फिरतो. माझ्या डोक्यात मात्र दुसराच घोळत राहतो. १९ डिसेंबर १९८४, बीजिंग. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि चीनचे पंतप्रधान झाओ झियांग ब्रिटिशांच्या ताब्यातलं हाँगकाँग १९९७ मध्ये चीनला परत देण्याच्या करारावर सह्या करताहेत. १९९७ नंतर ५० वर्षं तिथली राहणी बदलणार नाही, असा शब्द त्यात दिलेला.

मे १९८९ मध्ये हेच झाओ हातात कर्णा घेऊन तिआनमेन चौकात उपोषणाला बसलेल्या पोरांपुढे गेले आणि यायला उशीर झाला, असं रडवेल्या आवाजात म्हणाले. पुढे २००५ मध्ये मरेपर्यंत नजरकैद. करारावर सही करणाऱ्याचीच ही गत, म्हटल्यावर हाँगकाँगच्या माणसाने भरवसा ठेवायचा कोणावर?

ब्रिटनने काय केलं, तर १९९०च्या कायद्याने ५० हजार कुटुंबांना नागरिकत्व देऊ केलं. तेही वय, शिक्षण, हुद्दा यांचे गुण लावून! वस्ती ५५ लाखांच्या वर. बरं, दीडशे वर्षं राज्य करून कायदेमंडळाची थेट निवडणूक घेतली ती १९९१ मध्ये, ६० पैकी जेमतेम १८ जागांसाठी.

गोवा आठवतोच अशा वेळी. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल: महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असेल तर फूल, नको असेल तर दोन पानं. फूल हरलं. आमच्या आजोबांना तो निकाल शेवटपर्यंत पचला नाही, पण गोवेकरांना विचारलं तरी होतं. हाँगकाँगच्या वाटाघाटींत हाँगकाँगच्या लोकांना खुर्चीच नव्हती.

लंडनच्या हातात पत्ते फारसे नव्हते, हे मान्य. बहुतेक जमीन १८९८च्या ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, पाणीही बरंचसं चीनमधून. तरी सप्टेंबर १९९१ची ब्रिटिश पंतप्रधान जॉन मेजर यांची बीजिंगवारी खटकतेच. हाँगकाँगमध्ये नवा विमानतळ बांधायचा होता. त्या खर्चापायी ब्रिटिश जाता जाता हाँगकाँगची तिजोरी रिकामी करतील, अशी चीनला शंका. मेजर यांनी मानवी हक्कांचा विषय काढला, नाही असं नाही. पण सही झाली ती विमानतळाच्या करारावर.

आणि तो विमानतळही ब्रिटिशांच्या मुदतीत झाला नाही. जुलै १९९८ मध्ये त्याचं उद्घाटन केलं चीनचे राष्ट्राध्यक्ष जिआंग झेमिन यांनी.