वैकुंठ, कानडा आणि ‘सर्वसाधारणपणे’

वसईहून चर्चगेटला जाताना चौथ्या सीटवर अर्धी टेकून मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असते आणि शेजारची कुणीतरी मान तिरकी करून विचारते, “ताई, सध्या काय वाचताय?” मी “असंच काहीबाही” म्हणून मोकळी होते. गेल्या महिन्यात तिघींनी विचारलं, एकीने तर यादीच मागितली. यादी मला जमायची नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी बातम्या. त्या मी भराभर वाचते. धर्माच्या असल्या तर आणखी भराभर. ‘या वक्तव्यामुळे संताप व्यक्त होत आहे’ हे वाक्य आलं की बातमी बंद. संताप कोणाचा, कुठे, किती जणांचा? खाली शोधलं तर बहुतेक वेळा दोन ट्वीट सापडतात. त्यापेक्षा मूळ कागद बरा. २०२५च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं, तेव्हा मी शासन निर्णयच उघडून बसले. एप्रिलच्या निर्णयात हिंदी ‘अनिवार्य’ होती. १७ जूनच्या निर्णयात तो शब्द गेला आणि त्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आला. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर इयत्तेत किमान २० मुलांनी ती मागायला हवी, अशी अट. अहो, जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत अख्ख्या वर्गात २० डोकी भरली तर बाई पेढे वाटतील! म्हणजे ‘अनिवार्य’चंच काम ‘सर्वसाधारणपणे’ करणार होतं, फक्त आवाज न करता. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. ती बातमी मात्र मी दोनदा वाचली.

शब्दाचं असं मानगूट धरायची खोड मला लोकदैवतांचे अभ्यासक रा. चिं. ढेऱ्यांमुळे लागली. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हे त्यांचं १९८४चं पुस्तक दर आषाढीला कपाटातून निघतं. सलग मी ते कधीच वाचलेलं नाही, कुठेही उघडते. ज्ञानदेवांच्या अभंगातल्या ‘कानडा’चा अर्थ कीर्तनात ‘कळायला अवघड’ असा सांगतात. ढेरे तसं गोड करून सोडत नाहीत. कानडा म्हणजे कानडाच, असा सरळ अर्थ धरून ते थेट गवळी-धनगरांच्या देवापर्यंत पोचतात. वारीच्या बातम्यांत रिंगण असतं, ड्रोनने काढलेले फोटो असतात. विठोबा कुठला, हे नसतं.

आता खरं सांगायचं तर सध्या मी अडकलेय ती फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त. पुस्तक लोकलमध्ये काढण्यासारखं नाही, म्हणून आदल्या रात्री दोन-चार पानांचे फोटो काढून ठेवायचे आणि सकाळी गर्दीत बोटांनी मोठे करकरून वाचायचे. माणूस इंग्लंडचा, जेझुइट म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघातला. १५७९ साली गोव्यात उतरला आणि तिथल्या सासष्टी भागात चाळीसेक वर्षं राहिला. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेल्यांतल्या एका ब्राह्मणाने त्याला विचारलं, की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हाला दुसरी का देत नाही? किती रास्त तक्रार! धर्म बदलला म्हणून संध्याकाळी काहीतरी ऐकत बसायची भूक थोडीच बदलते? स्टीफन्सने मग बायबलची कथा ओवीत घातली, जवळपास ११,००० ओव्या. १६१६ साली ते सासष्टीतल्याच राशोलला छापलं, तेही रोमन लिपीत. त्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. लोकांनी हाताने उतरवून घेतलं म्हणून ते उरलं. देवनागरीत छापून यायला १९५६ उजाडलं.

त्यानेच तिथल्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. भाषा कोकणी, पण पोर्तुगीज तिला ‘कानारी’ म्हणायचे. हे वाचताना मला ढेऱ्यांचा कानडा आठवून हसू आलं. आणि १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. तिथे ‘सर्वसाधारणपणे’ वगैरे भानगड नव्हती.

एके दिवशी गिरीजची एक मुलगी शेजारी उभी होती. बँकेत आहे, वसईतल्या कुपारी ख्रिस्ती समाजातली. माझ्या स्क्रीनवर पुराणाचं पहिलंच पान होतं. ‘ॐ नमो’ तिने वाचलं, लगेच पुढे ‘देवा बापा’ वाचलं आणि गोंधळली.

“हे तुमचं की आमचं?”

“तुझंच. पण पुढे बघ, स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय.”

“छे! वैकुंठ तुमचा. आम्ही ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणतो.”

भाईंदर ते बोरिवली आम्ही वैकुंठ कुणाचा यावर बोलत होतो. खिडकीतल्या गुजराती बाईंनी एकदा डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

दुसऱ्या दिवशी तिने मला फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आणून दिलं, ब्राऊन पेपरचं कव्हर घालून. दिब्रिटो इथलेच, नंदाखालचे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा बातम्यांत पाद्री अध्यक्ष कसा, यावरचा वादच जास्त होता. त्यांनी लिहिलंय काय, हे शोधावं लागत होतं. मीही तेव्हा वादच वाचला, पुस्तक नाही. २०२४च्या जुलैमध्ये ते गेले. आता वाचतेय. टिपा भरपूर आहेत आणि मराठी वसईच्या माणसाने लिहिल्यासारखी, म्हणजे पाय जमिनीवर असलेली.

बदल्यात मी तिला ‘ख्रिस्तपुराण’ दिलं. त्याला तीन आठवडे झाले. तिला वेळच मिळत नाहीये, पण सासूबाई रोज जेवणं झाली की दहा-बारा ओव्या मोठ्याने वाचतात म्हणे. त्या जुन्या मराठीतलं निम्मं कळत नाही, तरी वाचतात. परवा मी विचारणार होते, “कुठवर आलं?” पण तिला वाटेल, पुस्तक परत मागतेय. माझ्याकडे फोटो काढलेली सहा पानं आहेत, तीच फिरून फिरून वाचतेय.