सुट्टे पैसे आणि देवीचा खडा

परवा दुपारी लाईट गेली. पंखा बंद, खिडकीबाहेर बघवत नाही असलं ऊन, वारा तर नावालाही नाही, तरी मी लाईटबिलावर खडा ठेवून बसलेलो. सवय. लिंबाएवढा पांढरा खडा आहे, येरमाळ्याचा. चैत्र पौर्णिमेच्या येडाईच्या यात्रेत लोकं चुन्याच्या रानात खडे वेचतात, ते देवीसाठी टाकायचे असतात, आमच्या मामानं एक खिशात टाकून आणला. आई लई बोलली होती त्याला. पाप मामाचं, खडा आता माझ्याकडं.

मामाला तो कॅसेटच्या कव्हरवर ठेवायला लागायचा. वावटळ आली की कव्हरं उडायची, त्यातली निम्मी झेरॉक्सची, जास्त सांगत नाही. मामाचा स्टॉल म्हणजे दोन बाजा, चार बांबू, वर ताडपत्री आणि बॅटरीवर चालणारा डेक. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर. येरमाळ्याला आराधी गाणी, म्हणजे देवीच्या भक्तांची, खपायची, उरुसात कव्वाल्या, आणि 14 एप्रिलपासून भीमजयंतीचे गायनाचे कार्यक्रम, ते पार मे संपेपर्यंत चालायचे, कारण चांगल्या गायन पार्टीची तारीख मिळेपर्यंत गाव जयंती पुढं ढकलतं. प्रल्हाद शिंदेंचा माल कुठल्या खोक्यात लावायचा हा रोजचा घोळ. विठ्ठलाच्या खोक्यात तेच, भीमगीतांच्या खोक्यात तेच, कव्वालीतही तेच. शेवटी मामानं त्यांचं खोकंच वेगळं केलं.

आमच्याकडचं ऊन म्हणजे 42 च्या खाली बोलायचं नाही, कॅसेट वाकायच्या. खोक्यांवर ओलं पोतं टाकायचं आणि दर तासाला त्यावर पाणी मारायचं हे माझं काम. दुसरं काम पेन्सिलीनं टेप गुंडाळायचं. गिऱ्हाईक म्हणायचं वाजवून दाखव, मामा लावायचा, मुखडा झाला, पहिला अंतरा सुरू झाला की खटकन बंद. "सगळं हितंच ऐकलं तर घेणार काय?" त्यामुळं मला आजपण शेकड्यानं गाणी येतात पण सगळी अर्धीच. लग्नात कुणी म्हणलं गाणं म्हण की मी पहिल्या अंतऱ्याला पाणी प्यायला उठतो.

स्टेजवरचं गाणं तर आम्ही कायम पाठीमागून नाहीतर बाजूनं ऐकलं. आणि ऐकलं म्हणण्यापेक्षा सोसलं. कारण गाणं रंगलं की धंदा मेला. बेंजो तापला, ढोलकीवाला उठून उभा राहिला, की स्टॉलपुढं कुत्रंसुद्धा थांबत नाही. सत्कार सुरू झाले की मात्र गर्दीच गर्दी. शाल, श्रीफळ, "आणि आता दोन शब्द बोलतील", आहाहा. दोन शब्दांत पाच कॅसेट जायच्या. भाषण लांबावं म्हणून मनातून प्रार्थना करणारं मी जिल्ह्यातलं एकमेव पोरगं असेन.

रंगलेल्या गाण्यात फक्त एकाच कामासाठी लोकं पळत यायची, सुट्ट्यांसाठी. शंभराची नोट पुढं करून दहा दहाच्या मागायची. कारण शंभर एकदम दिले तर माईकवरून नाव एकदाच पुकारतात, दहा दहा करून दिले तर दहा वेळा, अमक्या अमक्यांकडून दहा रुपये बक्षीस. मामानं हे बरोबर हेरलेलं. दिवसभर बसस्टँडवरच्या चहावाल्याकडून, रसवंतीवाल्याकडून दहाच्या नोटा गोळा करायचा, खड्याखाली दाबून ठेवायचा, आणि रात्री शांतपणे सांगायचा, सुट्टे आहेत की, कॅसेट कंची देऊ? 30 रुपयांची कॅसेट आणि सात नोटा. नावाची पुकारणी मग सातच वेळा, पण कुणाची तक्रार नाही. कॅसेट कंची हे कुणी बघायचंपण नाही, एकानं भीमजयंतीला आराध्यांची नेली होती.

एकदा केजकडच्या एका गावात रात्री दोनच्या सुमाराला लाईट गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. माईक मुका, सगळा अंधार, अख्ख्या गावात वाजू शकणारी एकच वस्तू, आमचा डेक. मामानं लगेच लावला. लोकं उठून आमच्याकडं यायला लागली. मी नोटा मोजायच्या तयारीत. तेवढ्यात स्टेजवर पार्टीतल्या म्हाताऱ्या गायकानं नुसत्या ढोलकीवर गायला सुरुवात केली, माईक नसल्यानं आवाज फाटत होता, पुढच्या चार रांगांच्या पलीकडं पोचतपण नव्हता. मामानं डेक बंद केला. लोकं आली तशी वळली. मीपण बाजेवरून उतरून पुढं गेलो, त्यो तिथंच उभा, हातात खडा.

परवा फोनवर विचारलं त्याला, मामा, त्या रात्री त्या म्हाताऱ्यानं कंचं गाणं म्हणलं होतं रे?

"गाण्याचं नाही ध्यानात. दोन कॅसेट गेल्या होत्या त्या रात्री. त्यातली एक सकाळी वापस आली, टेप गुतली म्हणून."