पाण्यापेक्षा पातळ बायोडिझेल?

शेवाळाच्या बायोडिझेलवर काहीही वाचायला घ्या, 2006 च्या एका पेपरातले आकडे हमखास समोर येतात. क्लोरेला प्रोटोथेकॉइडिस नावाचं शेवाळ उन्हावर नाही तर साखरेवर, फर्मेंटरमध्ये वाढवलं, त्याच्या तेलाचं बायोडिझेल केलं आणि मोजलं: घनता 0.864 किलो प्रति लिटर, उष्मांक 41 मेगाज्यूल प्रति किलो, 40 अंशाला व्हिस्कोसिटी (द्रवाचा घट्टपणा) 5.2 × 10⁻⁴ पास्कल सेकंद. मी हे इतक्यांदा वाचलंय की डोळा त्यावर थांबतच नव्हता. परवा सहज कॅल्क्युलेटर काढला आणि चाट पडलो.

40 अंशाला पाण्याची व्हिस्कोसिटी असते साधारण 6.5 × 10⁻⁴. म्हणजे हे तेल पाण्यापेक्षा पातळ! घनतेने भागलं तर 0.6 सेंटीस्टोक (घनतेने भागलेल्या व्हिस्कोसिटीचं एकक) येतात, साधं डिझेलसुद्धा 2 ते 4.5 च्या आसपास असतं. एककात कुठंतरी गडबड झाली असणार, कारण तोच आकडा 5.2 सेंटीस्टोक म्हणून वाचला की सगळं जागेवर बसतं. फक्त मग ते युरोपच्या ईएन 14214 मानकात (3.5 ते 5.0) थोडक्यात नापास होतं आणि अमेरिकेच्या डी 6751 मध्ये (1.9 ते 6.0) आरामात पास.

आता व्हिस्कोसिटीचं एवढं काय, तर मुळात बायोडिझेल बनवायचं कारणच ते आहे. शेवाळाचं किंवा बियांचं तेल जसंच्या तसं घेतलं तर डिझेलच्या जवळजवळ दहापट घट्ट असतं, इंजेक्टरमधून त्याचा नीट फवारा होत नाही, मोठे थेंब पडतात, अर्धवट जळतात, कार्बन साचतो. म्हणून मिथेनॉल घालून तेलाच्या रेणूचे तीन पाय, म्हणजे फॅटी ॲसिडच्या तीन साखळ्या, सुटे करायचे, ग्लिसरीन बाजूला काढायचं, उरतात ते मिथाइल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल.

आणि इथून पुढचा सगळा खेळ त्या एस्टरमधल्या फॅटी ॲसिडच्या साखळीचा. साखळी किती लांब आणि तिच्यात डबल बॉन्ड (कार्बनमधले दुहेरी बंध) किती, एवढं कळलं की बाकीचे गुणधर्म बऱ्यापैकी अंदाजाने सांगता येतात. पामिटिक ॲसिडच्या एस्टरमध्ये एकही डबल बॉन्ड नाही, तो शुद्ध असेल तर साधारण 30 अंशालाच घट्ट होतो, ओलिइकमध्ये एक, तो उणे 20 च्या आसपास. मग जास्त डबल बॉन्डवालं तेल घ्या की, थंडीत फिल्टर तुंबणार नाही! पण तसं केलं की सिटेन नंबर, म्हणजे इंधन इंजिनात किती चटकन पेट घेतं त्याचं माप, खाली येतो (पामिटिकचा 75-85, तीन डबल बॉन्डवाल्या लिनोलेनिकचा जेमतेम 22-23) आणि तेल लवकर खवट होतं. ऑक्सिजनशी जुळण्याचा वेग ओलिइकचा 1 धरला तर दोन डबल बॉन्डवाल्या लिनोलिइकचा 41 आणि लिनोलेनिकचा 98, असा एक जुना हिशोब आहे. टाकीत पडून राहिलेलं असलं इंधन हळूहळू आंबट होतं, त्याचा डिंक बनतो आणि तो डिंक शेवटी फिल्टरमध्येच जातो, म्हणजे फिरून तिथंच.

सोयाबीन किंवा रेपसीडचं तेल या ओढाताणीत कुठंतरी मधे असतं. शेवाळाची गंमत अशी की ते बऱ्याचदा दोन्ही टोकांना एकाच वेळी असतं! नॅनोक्लोरॉप्सिस घ्या: पामिटिक भरपूर, आणि त्याच तेलात ईपीए हे ओमेगा-3 फॅटी ॲसिड, म्हणजे 20 कार्बनची साखळी आणि त्यात पाच डबल बॉन्ड. थंडीत जमणारा घटकही आहे आणि पडल्या पडल्या खराब होणाराही, एकाने दुसऱ्याची भरपाई वगैरे काही होत नाही. युरोपच्या मानकात चार किंवा जास्त डबल बॉन्डवाले एस्टर फक्त 1 टक्का चालतात, तिथंच दांडी गुल. ईपीए वेगळं काढून ओमेगा-3 म्हणून विकावं तर पैसे चांगले मिळतील, पण मागे उरलेल्या तेलात पामिटिकचं प्रमाण आणखी वाढतं आणि थंडीचा प्रॉब्लेम जास्तच बिकट होतो.

त्यात परत हे प्रमाण स्थिर नसतं. नायट्रोजन कमी पडला की बरीच शेवाळं तेल साठवायला लागतात आणि त्या तेलात सहसा डबल बॉन्ड कमी असतात. तापमान उतरलं की उलटं, पेशीचं आवरण लवचिक ठेवायला डबल बॉन्ड वाढवतात. म्हणजे जात तीच, टाकी तीच, पण या आठवड्याचं डिझेल वेगळं आणि पुढच्या महिन्याचं वेगळं. म्हणून नुसतं "शेवाळाच्या बायोडिझेलचा क्लाउड पॉइंट" (थंड होताना इंधन गढूळ व्हायला लागतं ते तापमान) असा एकच आकडा कोणी दिला की मी आधी फॅटी ॲसिडचा तक्ता शोधतो, आणि तो नसेल तर सरळ पुढचा पेपर उघडतो.

फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटते, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, 100 च्या वर असतो, डिझेलपेक्षा सुरक्षित, फक्त धुताना मिथेनॉल मागे राहिलं तर धाडकन खाली येतो.

राहता राहिला तो 41 मेगाज्यूल. बायोडिझेलच्या वजनात साधारण 11 टक्के ऑक्सिजन असतो, तो काही जळत नाही, त्यामुळे किलोमागे ऊर्जा डिझेलपेक्षा कमीच भरणार. शुद्ध मिथाइल ओलिएटसुद्धा (ओलिइकचा एस्टर), जळताना बनणाऱ्या पाण्याच्या वाफेची उष्णता धरून, 40 च्या आसपासच थांबतं. तर व्हिस्कोसिटीच्या शेजारी आता तो 41 पण पेन्सिलीने गोल करून ठेवलाय.