पीडीएफ कुठे अडली?

शनिवारी रात्री साडेदहाला फोन. "मॅडम, झोपला नव्हता ना? प्रकाशक लेखाच्या पीडीएफला परत डॉलर मागतोय."

भोरकडच्या कॉलेजात शिकवणारा आमचा पीएचडीचा विद्यार्थी. पूर्वी दर शनिवारी दुचाकीवरून कात्रजचा बोगदा ओलांडून आमच्या लायब्ररीत यायचा, पाच-सहा लेख पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि पावसाळ्यात ओलं जर्किन बांधीव खंडांच्या रॅकला लटकवायचा. (त्यावरून आमचं एकदा वाजलंही होतं.) अशांसाठीच आम्ही ईझीप्रॉक्सी बसवलं, म्हणजे घरबसल्या लॉगिन करून लायब्ररीचे लेख उघडू देणारं सॉफ्टवेअर.

"गूगलवरून गेलात की आपल्या लायब्ररीच्या पानावरून?"

"आपल्याच. लॉगिन करून."

मग मात्र मी धायरीतल्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. गूगलवरून जाणाऱ्यांचं निदान सोपं असतं. प्रकाशक माणूस ओळखत नाही, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) ओळखतो. करारात कॉलेजचे पत्ते लिहिलेत. तिथून आलात तर दार उघडं, भोरच्या मोबाइल नेटवरून आलात तर पैसे मोजा. ईझीप्रॉक्सी मधे उभं राहतं. लॉगिन तपासतं, पान कॉलेजच्या पत्त्यावरून मागवतं आणि त्यातल्या लिंका बदलून तुमच्याकडे धाडतं. जेस्टोरच्या (ही लेखांची एक साइट) वेबपत्त्यातल्या टिंबांच्या आडव्या रेघा होतात आणि मागे आमच्या सर्व्हरच्या नावाची शेपटी लागते. रेघा कशाला, तर आमच्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटमधली फुली (*, म्हणजे 'इथे कुठलंही नाव चालेल') दोन टिंबांमधल्या एकाच टप्प्यापुरती चालते. टिंबं तशीच ठेवली तर ब्राउझर 'धोका' म्हणून अडवतो.

त्याला दोन स्क्रीनशॉट मागितले. लेखाच्या पानाला शेपटी होती, पीडीएफच्या पानाला नव्हती. सापडलं! प्रकाशकाने पीडीएफ नव्या सर्व्हरवर हलवल्या होत्या आणि ते नाव आमच्या ईझीप्रॉक्सीला दिलेल्या यादीत नव्हतं. यादीत नसलेल्या लिंकेला ईझीप्रॉक्सी हात लावत नाही. ब्राउझर थेट भोरहून जाऊन धडकला. आधी यादीच्या फाइलची प्रत काढली (एकदा न काढल्याचं फळ भोगलंय), नव्या नावाची एक ओळ घातली, सर्व्हिस रीस्टार्ट केली.

सगळं जग यादीत घालून मोकळं का होत नाही, असं आमच्या कमिटीतले एक सर दरवेळी विचारतात. मागे कुणीतरी रात्रीतून खंडच्या खंड उतरवले होते. प्रकाशकाने पत्ता बंद केला, आणि बाहेरचे सगळे एकाच पत्त्यावरून जात असल्यामुळे एकाच्या हावरटपणापायी सगळेच अडकले. लॉग चाळून तो एक लॉगिन शोधला, बंद केला, माफीची मेल लिहिली, तेव्हा तिसऱ्या दिवशी दार उघडलं. दारं मोजकी असली की निदान कुठून काय गेलं ते कळतं.

पावणेबाराला व्हॉट्सॲप आलं: "उघडलं मॅडम! आता फक्त १९८७ चा एक लेख."

तेवढा जुना अंक आमच्या ऑनलाइन वर्गणीत नाही. छापील आहे, बांधीव खंडात, जर्किनवाल्याच रॅकवर. सोमवारी स्कॅन करून पाठवते म्हटलं.