डेअरीच्या चिठ्ठ्या

लोकन्यायालयाच्या दिवशी सांगलीच्या कोर्टात नुसती जत्रा असते. थकलेली कर्जं, चेक बाउन्सची प्रकरणं, आणि एका खोलीत मोटार अपघाताच्या भरपाईच्या दाव्यांचं पॅनेल. माझे पक्षकार सकाळीच बाकावर येऊन बसले होते. नवरा, दोन पोरं आणि सासूबाई. ३४ वर्षांची सून सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीला निघाली होती, मागून आलेल्या मालट्रकनं तिला उडवलं.

चूक कुणाची, यावर फारसा वाद नव्हताच. पंचनाम्यात चाकांच्या खुणा डांबर सोडून साइडपट्टीवर गेलेल्या, ट्रकचा विमा चालू, चालकाचं लायसन्सही वैध. अशा दाव्यात खरी ओढाताण एकाच आकड्यावर होते, तो म्हणजे गेलेल्या माणसाचं महिन्याचं उत्पन्न. पुढचं गणित सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेलं आहे. चाळिशीच्या आतल्या, पक्की नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, अवलंबून असणारे चौघं असले तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी उत्पन्नाचा चौथा हिस्सा वजा करायचा, आणि या वयाला वर्षाची रक्कम १६ नं गुणायची.

विमा कंपनीच्या वकिलांनी महिना ६,००० धरले. "गृहिणी आहे मॅडम, उत्पन्नाचा कागद कुठाय?" हिशेब झाला १२ लाखांच्या आसपास. नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "घेऊन टाकू या का?" त्याचंही बरोबर होतं, पोरांच्या फिया तुंबल्या होत्या. पण लोकन्यायालयात एकदा तडजोडीवर सही झाली की अपील नाही.

कागद होता, पण डेअरीचं खातं नवऱ्याच्या नावावर. वकिलांनी नेमकं तेच बोट ठेवलं. तेवढ्यात सासूबाई बाकावरून उठल्या. "आवं, म्हशीची धार काय माझा ल्योक काढायचा व्हय? त्यो पाचला घर सोडतोय कंपनीत जायला!"

पॅनेलसमोर असं कुणी मधेच बोललं की आम्ही वकील गप्प करतो. मी केलं नाही, कारण त्याच कामाचे कागद माझ्या फायलीत होते. मशीनवर दूध मोजलं की निघते तशी चिठ्ठी, तीवर तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. सकाळच्या चिठ्ठ्यांवर वेळ सव्वासहा-साडेसहाची. त्यांच्या शेजारी मी नवऱ्याच्या कारखान्याचा हजेरीपट ठेवला, पहिली पाळी, आत शिरल्याची वेळ सहाच्या आधीची. एकच माणूस दोन्हीकडे कसा असेल? आणि अपघातानंतरच्या चिठ्ठ्या पाहा म्हटलं. आधी सकाळचं दूध बंद, मग लिटर निम्मे, मग चिठ्ठ्याच नाहीत. म्हशी विकल्या होत्या.

न्यायाधीशांनी चिठ्ठ्या स्वतः चाळल्या. छपाई फिकी पडत चालली होती, म्हणून मी झेरॉक्स आधीच काढून ठेवल्या होत्या. (असा दावा करणाऱ्यांनो, या चिठ्ठ्यांची शाई उडते, पहिल्या आठवड्यातच झेरॉक्स काढा.) दुधाशिवाय स्वयंपाक, पोरं, म्हातारीचं दुखणंखुपणं हेही होतंच. घरकामालाही उत्पन्न धरावं आणि त्यातही पुढची वाढ मिळवावी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलेलं आहे, ते मी पुढं केलं. मी १२,००० मागत होते. कंपनीच्या अधिकाऱ्यानं बाहेर जाऊन फोन केला, परत आला आणि ११,००० वर थांबला. म्हणजे २२ लाखांच्या वर, शिवाय सहवास गमावल्याचे आणि अंत्यविधीचे वेगळे.

एक हजारासाठी ताणावं का, हा प्रश्न माझ्यापुढं होताच. पुरावा, उलटतपासणी, मग कंपनीचं अपील, यात वर्षं जातात. मी नवऱ्याला म्हटलं, सही करा.

पोरांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत मुदतठेवीत राहणार. सासूबाईंनी आपला वाटा कशाला म्हणून हुज्जत घातली, शेवटी अंगठा उठवला. चालकावरचा फौजदारी खटला वेगळा चालू आहे, त्याची तारीख पुढच्या महिन्यात.