तिसरी मिटते जोर लावून, उघडते आपोआप

तिसरी म्हणजे खाडीच्या वाळूत राहणारा, दोन शिंपांचा खाद्य जीव. खाऊन झालेल्या तिसरीची एक शिंप धुऊन उजेडात तिरकी धरा. आतल्या गुळगुळीत भागावर दोन टोकांना एकेक गोलसर ठसा दिसेल, बाकीच्या शिंपेपेक्षा जरा वेगळा चकाकणारा. तिथे शिंपा मिटणारे दोन स्नायू चिकटलेले होते. कालवाच्या शिंपेत असा ठसा एकच, कारण त्याला स्नायूच एक असतो.

उघडणाऱ्या स्नायूचा ठसा मात्र शोधून सापडणार नाही. तसा स्नायू तिसरीला नसतोच. बिजागरीच्या मागच्या अंगाला बाहेरून एक तपकिरी, चिवट पट्टी असते. शिंपा मिटल्या की तिच्यावर ताण येतो, स्नायू सैल पडले की तीच शिंपा उघडते. म्हणजे मिटून राहायला तिसरीला जोर लावावा लागतो, उघडायला काहीच लागत नाही. मेलेली तिसरी आ वासते ती यामुळे. निवडणं, वाळू काढणं, उकडणं या सगळ्याचे नियम याच एका गोष्टीवर उभे आहेत.

मग सुकती (ओहोटी) लागल्यावर ती तासन्‌तास घट्ट मिटून राहते कशी? माणसाचा स्नायू इतका वेळ ताणून धरला तर थरथरायला लागेल. तिसरीच्या प्रत्येक स्नायूत दोन जातींचे तंतू असतात. एक झटकन आवळणारे आणि लवकर थकणारे, दुसरे सावकाश आवळून जणू खिटी लावणारे. शिनाणे या खडकांना चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांच्या अशाच स्नायूंवर बरंच संशोधन झालं आहे. अ‍ॅसिटिलकोलिन हे नसांकडून येणारं संदेश-रसायन मिळालं की स्नायू आवळतो, आणि सेरोटोनिन हे दुसरं रसायन मिळेपर्यंत सुटत नाही. मधल्या काळात ट्विचिन नावाचं प्रथिन तंतूंची पकड टिकवून ठेवतं आणि ऊर्जा नाममात्र लागते. म्हणून बोटांनी ओढून जिवंत तिसरी उघडत बसू नये. एकशिपीसाठी (मांस एकाच शिंपेत ठेवून करतात ते कालवण) कच्च्या उघडायच्या तर विळीचं पातं शिंपेच्या आतल्या भिंतीला घासून दोन्ही टोकांकडे फिरवावं. दोन्ही स्नायू कापले गेले की वरची शिंप स्वतःच सैल होते.

वाळूत शिरताना हीच यंत्रणा उलटसुलट वापरली जाते, आणि मला यातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. 1960च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ ट्रूमन यांनी या खोदण्याचे टप्पे नीट मांडले. आधी शिंपा किंचित उघड्या राहून वाळूत पाचरीसारख्या अडकतात, आणि त्या आधारावर कुऱ्हाडीच्या पात्यासारखं मऊ पाऊल खाली घुसतं. मग पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्या बंद होतात आणि शिंपा झटकन मिटतात. त्या एका झटक्यात दोन कामं होतात. आतलं पाणी पिचकारीसारखं बाहेर पडून भोवतीची वाळू सैल करतं, आणि रक्त पावलात दाबलं जाऊन त्याचं टोक फुगतं, नांगरासारखं रुततं. आता पाऊल आखडणारे स्नायू आधी पुढून, मग मागून ओढतात आणि शिंप डुलत डुलत खाली सरकते. शेवटी स्नायू सैल, पट्टी शिंपा उघडते, पाचर पुन्हा बसते. घट्ट वाळूत जितकं खोल जावं तितका विरोध वाढत जातो. पाण्याने सैल झालेल्या वाळूत तो फारच कमी असतो. रत्नागिरीजवळच्या भाट्ये किंवा काळबादेवीच्या खाडीत तिसरी वेचताना वरून खेचू नये, बाजूने बोटं खाली घालून उचलावी. पाऊल खाली नांगरलेलं असेल तर खेचताना ते फाटतं आणि अशी तिसरी टिकत नाही.

आता वाळू काढणं. सर्वांत जास्त चुकतं ते इथेच. तिसरी वाळू टाकते ती शिंपा उघडून, नळ्या बाहेर काढून आणि कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांनी पाणी खेळवून. नळाच्या गोड्या पाण्यात टाकली की ती मिटते, आणि मिटलेली तिसरी वाळू कशी टाकणार? खाडीचं स्वच्छ पाणी मिळालं तर उत्तम. नाहीतर लिटरभर पाण्याला साधारण 30 ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन मोठे चमचे जाडं मीठ. तिसऱ्या रोवळीत घालून रोवळी पसरट भांड्यात टेकवून ठेवा, तळापासून दोन बोटं वर. टाकलेली वाळू खाली बसते, पुन्हा आत ओढली जात नाही. पाणी जेमतेम बुडेल इतकंच. लिटरभर पाण्यात विरघळलेला प्राणवायू 6-7 मिलिग्रॅमच असतो, त्यामुळे खोल टोपात एकावर एक रचलेल्या तिसऱ्यांपैकी खालच्या गुदमरतात. वर फडकं टाकून अंधारात, कोणी धक्का लावणार नाही अशा जागी तीन-चार तास ठेवावं. फ्रिजमध्ये मात्र नको; थंडीत ते केस मंदावतात आणि वाळू आतच राहते.

वाळू निघाल्यावर रात्रभर ठेवायच्या असतील तर पाण्याबाहेर, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारू नये. मिटलेली तिसरी प्राणवायूशिवायही बराच काळ तग धरते. साठवलेलं ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) मोडून ती सक्सिनिक आम्ल तयार करते आणि आतला आंबटपणा शिंपेचाच थोडा चुना विरघळवून आवरते. पण यालाही मर्यादा आहे.

जिवंत-मेलेली पारख उकडण्याआधी करायची, नंतर नाही. उघडी दिसली तर टिचकी मारा: हळूहळू मिटली तर चांगली, ढिम्म राहिली तर टाका. मिटलेल्यांत एक फसवी असते, मेलेली आणि चिखलाने गच्च भरलेली. ती एकटी सगळं कालवण खराब करते. दोन्ही शिंपा अंगठ्याने आडव्या सरकवून पाहाव्या. जिवंत तिसरी स्नायूंनी धरलेली असते, जराही हलत नाही, चिखलाची सरकते.

उकडताना स्नायूंचं प्रथिन बदलतं, शिंपेवरची पकड सुटते आणि पट्टी आपलं काम करते. तिसरी उघडली म्हणजे ती खायला सुरक्षित, असं मात्र समजू नका. ती पाणी गाळून खाते, तेव्हा पाण्यात विषारी सूक्ष्म शैवाल वाढलं असेल तर त्याचं विष तिच्यात साठतं. सॅक्सिटॉक्सिन हे विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा बंद करतं. ओठांना मुंग्या येण्यापासून सुरुवात होऊन श्वास थांबण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ते ना उकडून जातं, ना मिठाच्या पाण्यात ठेवून. 1983 साली मंगळूरजवळ अशी विषबाधा झाली होती. पाण्याला विचित्र रंग आला असेल किंवा मासे मरून तरंगत असतील, तर त्या खाडीच्या तिसऱ्या नकोच.

उकडल्यावर सुटलेलं पाणी ओतून देऊ नका. बाहेरच्या खारेपणाशी बरोबरी ठेवायला तिसरी पेशींत ग्लायसिन, अ‍ॅलनिन अशी अमिनो आम्लं साठवते. त्या पाण्याची गोडी त्यांची, आणि खोल चव सक्सिनिक आम्लाची. पाणी पाच मिनिटं स्थिर ठेवा, पातळ फडक्यातून गाळा आणि तळाचं दोन चमचे तिथेच राहू द्या. बारीक रेती त्यात असते.