आधी गाव कोणते ते सांग

महसूल खात्यात तेहतीस वर्षे गेल्यामुळे जुना कागद हातात आला की प्रथम गावाचे नाव शोधायचे, ही सवय मला कायमची जडली आहे. म्हणूनच गेल्या दिवाळीत बॉस्टनहून साताऱ्याला आलेल्या धाकट्या सूनबाईने आपली आयरिश वंशावळ दाखवली, तेव्हा मी विचारले, "गाव कोणते?"

"कागदात फक्त आयर्लंड लिहिलंय, बाबा," ती म्हणाली.

तिचा पाच पिढ्यांपूर्वीचा पूर्वज 1848 मध्ये, बटाट्याच्या दुष्काळात, बोटीने अमेरिकेला गेला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तेवढीच देशोधडीला लागली. आडनाव मर्फी, म्हणजे आयर्लंडमधले सर्वांत जास्त आढळणारे. नुसते नाव जुळते म्हणून पूर्वज मानणे म्हणजे आपल्या जिल्ह्यातला कोणताही पाटील आपला चुलता समजण्यासारखे आहे.

तिकडची जनगणना कामाची नव्हती. 1821 ते 1851 ची बहुतेक दप्तरे 1922 च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात जळाली, पुढच्या चार जनगणनांची सरकारनेच नष्ट केली, आणि पूर्ण उपलब्ध आहे ती थेट 1901 ची. वाट सापडली ती 'बॉस्टन पायलट' या वृत्तपत्रात. ताटातूट झालेल्या आप्तांचा शोध घेणाऱ्या जाहिराती तिथे 1831 पासून नव्वद वर्षे छापल्या जात. त्यांपैकी एका जाहिरातीत एक भाऊ आपल्या हरवलेल्या भावाचा, म्हणजे सूनबाईच्या पूर्वजाचा, ठावठिकाणा विचारत होता आणि त्याखाली कॉर्क परगण्यातला पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, आणि टाउनलँड, म्हणजे आपल्या भाषेत वाडी, लिहिलेली होती.

मग ग्रिफिथची पाहणी उघडली. 1847 ते 1864 या काळात प्रसिद्ध झालेली ही करआकारणीची यादी म्हणजे जणू त्यांचा सातबाराच: जमीन कोण कसतो, मालक कोण, क्षेत्र किती. त्या वाडीत जाहिरात देणाऱ्या भावाच्याच नावाचे दोन मर्फी निघाले. तिकडेही थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे चुलत भावंडांत एकच नाव वारंवार येते. म्हणून कारकुनाने कंसात बापाचे नाव घातले होते, एकापुढे मायकेल, दुसऱ्यापुढे डॅनियल. ते दोन कंस पाहून मला आमच्या कोरेगावकडच्या फेरफारांची आठवण झाली.

यांतला आपला कोण, हे कागद सांगेना. सूनबाईच्या लाळेच्या डीएनए तपासणीत त्या भागातले कोणी जुळले नव्हते, कारण पूर्वजाचा वाटा दर पिढीला साधारण निम्म्याने घटतो. म्हणून तिच्या आजोबांच्या नव्वदी पार केलेल्या बहिणीची तपासणी करवली. खापरपणजोबा एकच असलेल्या भावंडांतही दहातल्या एका जोडीत काहीच जुळत नाही, पण इथे कॉर्कमधल्या एका गृहस्थांशी 42 सेंटीमॉर्गन (डीएनएचा सामायिक भाग मोजण्याचे एकक) जुळले, आणि ते मायकेलच्या मुलाचे वंशज निघाले. तरीही मी थांबलो नाही, कारण डीएनए नाते दाखवतो, ते कोणत्या बाजूने आले हे दाखवत नाही. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने चर्चच्या जुन्या नोंदवह्या 2015 पासून सर्वांना खुल्या केल्या आहेत. त्यांत लॅटिनमधल्या बाप्तिस्म्याच्या दोन नोंदींत दोन्ही भावांचे आईबाप तेच आढळले.

त्या नोंदीत आईचे माहेरचे आडनावही आहे. ते वाचून सूनबाईने माझ्या पणजीचे माहेर विचारले. आमच्या वंशावळीत पुरुषांचीच नावे आहेत. येत्या सोमवारी मी पुसेगावला थोरल्या आत्याकडे जाणार आहे.